किचनची स्टाइल निवडताना या चुका टाळा

नेरूळच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं, तेव्हा मी मोबाइलमध्ये कितीतरी फोटो जमवले होते. सगळे पांढरेशुभ्र. एकातही कढई नव्हती की मिसळणाचा डबा नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी आठवडाभर आपलं किचन नुसतं बघा. दिवसाला किती फोडण्या पडतात, दोघं एकदम ओट्यापाशी उभी राहतात का, गणपतीत मोदकपात्र कुठे मांडता? स्टाइलचा विचार त्यानंतर.

पांढऱ्या संगमरवराचा मोह

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की आम्ल दगडालाच खातं आणि तेवढ्या जागेची चमक जाते. दगडच झिजलेला असल्यामुळे कितीही घासलं तरी तो डाग हटत नाही. आमच्या ओट्यावर सोलकढीच्या आगळाचा असा गोल उमटला, तो पुन्हा पॉलिश केल्यावरच गेला. सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लावला तर हळद-तेल मुरायला वेळ लागतो, पण आम्लापुढे त्याचा उपयोग नाही.

पांढरा ओटा हवाच असेल तर क्वार्ट्झ, म्हणजे दगडाच्या चुऱ्यापासून कारखान्यात बनवलेला दगड, बघा. मात्र त्यात रेझिन (चिकट प्लास्टिकसारखा पदार्थ) असतं, त्यामुळे गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ठेवायचा नाही, खाली जाड लाकडी पाट हवा. ग्रॅनाइट आम्ल आणि उष्णता दोन्ही चांगलं सोसतो. काळा ग्रॅनाइट जुनाट वाटतो म्हणणाऱ्यांना मी शटर, म्हणजे कपाटांची दारं, फिकट रंगाची करायला सांगते. खोलीचं रूप तेवढ्यानेही पालटतं.

भिंत पाडून ओपन किचन

घोडबंदर रोडवरच्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायव्हन शटरिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतायची पद्धत, वापरलेलं असतं. तिथे भिंती विटांच्या नसतात, काँक्रीटच्या ओतलेल्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. ती भिंत तोडायचीच नाही. इतर इमारतींतही स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला आणि सोसायटीची परवानगी हातात येईपर्यंत हातोडा उचलू देऊ नका.

ओपन किचन आधीच केलंय आणि बांगडे तळल्यावर सोफ्याला वास येतोय? सरकती काच बसवा. चिमणीचा पाइप बाहेर काढलेला असावा, शक्य तितका आखूड आणि कमी वळणांचा. विनापाइपची चिमणी वास थोडा शोषते, पण वाफ आणि उष्णता घरातच राहते.

नक्षी, खाचा आणि पाऊस

फार्महाउस पद्धतीची खाचांची शटर दिसायला गोड असतात. पण आपल्याकडच्या फोडणीचं तेल त्या खाचांत बसतं. त्यावर मेम्ब्रेन (चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म) असेल तर गॅसजवळ उष्णतेने ती कडेने सुटते. शेगडीच्या आसपास सपाट लॅमिनेट ठेवा आणि हौस भांड्यांच्या कपाटावर भागवा. तेलकट हातांनी चकचकीत, विनाहँडलचं शटर उघडायचं म्हणजे दिवसातून दहा वेळा ठसे पुसणं, तेव्हा साधी स्टीलची हँडल लावा. सिंकखाली एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) नको, पाण्याने फुगतो. तिथे आयएस ७१० छापाचं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लायवुडच मागा. पावसाळ्याचे चार महिने खाडीकाठच्या या हवेत काढायचे आहेत.

गॅसची पाइपलाइन फोटोत खटकते म्हणून पॅनेलमागे बंद करू नका. हलवायची असेल तर गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच.

ओट्याची उंची मात्र स्टाइलवर सोडू नका. जी व्यक्ती जास्त स्वयंपाक करते तिच्या कोपराच्या साधारण ४ ते ६ इंच खाली ओटा हवा. आईची कंबर वाचते.

रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका. लॅमिनेटचा तुकडा घरी आणा, सकाळच्या उजेडात आणि रात्री आपल्या ट्यूबलाइटखाली बघा. मग त्यावर हळद घातलेलं तेल चोपडून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसा. पिवळी छटा राहिली तर दुसरा तुकडा मागवा.