अर्धांगवायूनंतरचा हात: घरच्या माणसांनी या चुका टाळाव्यात

अर्धांगवायूचा रुग्ण घरी आला की सगळे घर त्याच्या सेवेला लागते. घास भरवला जातो, सदऱ्याची बटणे लावून दिली जातात, पाण्याचा पेला ओठांशी धरला जातो. फिजिओथेरपीच्या निमित्ताने अशा घरांत माझे अनेक वर्षे जाणे-येणे आहे. हे प्रेम मी जवळून पाहिले आहे, आणि म्हणूनच सांगावेसे वाटते की हात मागे पडण्याचे एक मोठे कारण पुष्कळदा हेच असते.

मूळ दुखणे हातात नसून मेंदूत असते. मेंदूच्या डाव्या भागातून निघालेले बहुतेक मज्जातंतू लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या टोकाशी, बाजू बदलून उजव्या अंगाकडे जातात, त्यामुळे डावीकडचा रक्तपुरवठा तुटला की उजव्या हाताला आदेश पोहोचत नाहीत. मात्र हालचालींचा मेंदूतला नकाशा कायमचा आखलेला नसतो. मेंदूशास्त्रज्ञ रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूला लहानशी इजा झाल्यावर ज्या माकडांना बारीक खळग्यांतून बोटांनी खाद्य काढण्याचा सराव दिला होता, त्यांच्या मेंदूतली हाताची उरलेली जागा टिकून राहिली. काहींमध्ये तर ती कोपर-खांद्याच्या जागेतही पसरली. सराव न मिळालेल्या माकडांमध्ये इजेपासून वाचलेली जागाही आक्रसली होती.

म्हणून पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे सगळी कामे चांगल्या हाताने करणे, किंवा ती दुसऱ्याने करून देणे. रुग्ण दुबळ्या हाताने वाटी उचलू पाहतो, आमटी सांडते आणि तो ओशाळतो. चांगल्या हाताने तेच काम चटकन होते. मेंदू या दोन्ही अनुभवांतून शिकतो आणि काही आठवड्यांत न वापरण्याची सवय जडते. मी पाहिलेल्या एका आजींचा हात कायम पदराखाली असे. तपासताना त्यांची बोटे हलत होती, पण दिवसभरात ती कोणी हलवायला सांगतच नव्हते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याच सवयीवर उपाय म्हणून चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची पद्धत विकसित केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत २२२ रुग्ण होते. त्यात दोन आठवड्यांच्या अशा उपचाराने झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकलेली दिसली. हा उपाय मनगट आणि बोटे थोडी तरी उघडत असतील तरच चालतो, आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घरी मात्र कामांची वाटणी नक्कीच बदलता येते. चांगला हात झाकण उघडत असताना दुबळ्या हाताने डबा धरावा, टेबल पुसावे, रुमालाची घडी घालावी. बटणाला दहा मिनिटे लागली तर शेजारी बसून राहावे आणि हात पुढे करू नये.

दुसरी चूक आवर्तनांची आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात उपचाराच्या एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ वेळाच होत असल्याचे आढळले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा काही शेकड्यांत असतो. त्यामुळे सकाळी दहा वेळा हात वर-खाली केला आणि व्यायाम संपला, असे समजू नये. मात्र नुसती संख्या वाढवूनही भागत नाही. समोरची वाटी घेताना रुग्णाचा खांदा कानाकडे चढतो, धड पुढे झुकते आणि कोपर वाकलेलेच राहते. अशी शंभर आवर्तने केली तर मेंदू तीच पळवाट पक्की करतो. त्यावर उपाय असा: पाठ खुर्चीला टेकवावी, हाताखाली गुळगुळीत कापड ठेवून हात टेबलावर सरकवावा, वाटी इतकी जवळ आणावी की खांदा न चढता ती मिळेल, आणि मग ती रोज बोटभर लांब ठेवावी. शिकलेली हालचाल झोपेतही पक्की होत असते, त्यामुळे झोप मोडून व्यायाम करून घेऊ नये.

मऊ चेंडू दाबत बसणे जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. बोटे आधीच मुठीत आवळली जात असतील तर अडचण मूठ उघडण्याची असते, म्हणून पेला धरण्यापेक्षा तो सोडण्याचा सराव अधिक करावा. तेलाने मालिश करून बरे वाटते, पण रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न त्यात नसल्यामुळे मालिश म्हणजे व्यायाम नव्हे.

उठवताना दुबळा हात किंवा काख धरून कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा सावरणारे स्नायू ढिले पडलेले असतात. त्यामुळे सांधा खाली सरकतो, आणि एकदा दुखणे सुरू झाले की रुग्ण हात हलवायलाच तयार होत नाही. कप्पीच्या दोरीने हात डोक्यावर खेचण्याचा व्यायामही याच कारणासाठी टाळावा.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, यावरून पुढे काहीच होत नाही असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. टॉब यांच्या पद्धतीने वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांनाही फायदा झालेला आहे. प्रगती थांबली असे वाटले, तर हात वाढत्या ताठरपणामुळे अडतो आहे, खांद्याच्या दुखण्यामुळे की खचलेल्या मनामुळे, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे, कारण या तिन्हींवर उपचार आहेत. जमत असलेली हालचाल अचानक बंद पडली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर मात्र व्यायामाचा विचार न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते.