लांब शर्यतीआधी काय खावं, काय प्यावं: खरी परीक्षा पहाटे तीनची

दहा किलोमीटर धावणार असाल तर एवढा विचार करायची गरज नाही. तास-सव्वा तासात संपणाऱ्या शर्यतीला रोजचं साधं जेवण पुरतं. आदल्या रात्री वरण-भात, सकाळी एक केळं, बस्स. हा लेख २१ आणि ४२ किलोमीटरवाल्यांसाठी आहे, म्हणजे नव्वद मिनिटांच्या पुढे धावणाऱ्यांसाठी. ठाणे-नवी मुंबईतले बहुतेक जण दोन शर्यतींची तयारी करतात: ऑगस्टमधली ठाण्याची वर्षा मॅरेथॉन आणि जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन. म्हणून उदाहरणं तीच घेतली आहेत.

आधी थोडा हिशेब, कारण तो कळला की निम्मे फुकटचे सल्ले आपोआप गळून पडतात. धावताना किलोमीटरमागे साधारण आपल्या वजनाच्या आकड्याइतक्या कॅलरी लागतात. साठ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला अडीच हजार. शरीरात साठवलेलं पिष्ट (कार्बोहायड्रेट), म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. सगळं मिळून दोन-सव्वादोन हजार कॅलरी, तेही साठा पूर्ण भरलेला असेल तर. चरबी सोबतीला जळत असतेच, पण ती सावकाश जळते. साठा संपला की तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय उचलेनासे होतात. इच्छाशक्ती कमी पडली असं तेव्हा वाटतं, पण बहुतेक वेळा शर्यतीच्या आदल्या दिवसाचं, म्हणजे शनिवारचं, जेवण कमी पडलेलं असतं.

शुक्रवार आणि शनिवार: साठा भरा

१९६०च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले आणि पिष्ट वाढवलं की ग्लायकोजेन वाढतं हे दाखवलं. त्यांच्या पद्धतीत आधी तीन दिवस भात-पोळी बंद करून साठा रिकामा करायचा आणि मग भरायचा, असं होतं. पुढे १९८१च्या सुमारास सिद्ध झालं की रिकामं करण्याची काही गरज नाही. धावणं कमी करून पिष्ट वाढवलं की साठा जवळपास तेवढाच भरतो. तरीही दर डिसेंबरात कुणीतरी तो तीन दिवसांचा उपास ग्रुपवर फिरवतंच. करू नका. शर्यतीच्या आठवड्यात चिडचिड, अशक्तपणा आणि सर्दी यांखेरीज त्यातून काही हाती लागत नाही.

शास्त्रीय शिफारस वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम पिष्टाची आहे, शर्यतीआधीचे ३६ ते ४८ तास. साडेचार-पाच तासांत मॅरेथॉन करणाऱ्यांना एवढं खाववत नाही आणि माझ्या मते लागतही नाही. ७ ते ८ ग्रॅमवर थांबा. साठ किलोला ४८० ग्रॅम झाले. ताटात ते असं दिसतं: सकाळी ऐंशी ग्रॅम पोह्यांचे बटाटेपोहे, दोन वेलची केळी, गोड चहा. दुपारी सव्वाशे ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण, उकडलेल्या बटाट्याची भाजी. चार वाजता पावाच्या चार स्लाइस जॅम लावून आणि ग्लासभर लिंबू सरबत. मधे वाटीभर नव्हे, चांगले दोन-तीन वाट्या कोरडे कुरमुरे. रात्री शंभर ग्रॅम तांदळाचा मऊ भात आणि एक केळं. तांदळाचं वजन शिजवण्याआधीचं.

लोकांची चूक होते ती इथे. ‘कार्ब लोडिंग’ म्हणजे जास्त जेवण, असं समजून बिर्याणी, पावभाजी, बटर लावलेला पराठा सुरू होतो. त्यात पिष्टाइतकंच तूप-तेल पोटात जातं. पिष्ट वाढवताना तेल, शेंगदाणे, खोबरं, डाळी, पालेभाज्या कमी करायच्या असतात, तरच पोट हलकं राहतं. हातसडीचा तांदूळ, बाजरी, नाचणी, कच्ची कोशिंबीर एरवी उत्तम, शनिवारी बंद. पांढरा भात, पांढरा पाव, साखर, जॅम: डॉक्टर एरवी ज्याला नको म्हणतात तेच दोन दिवस कामाचं असतं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र हे आकडे स्वतःच्या डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय वापरू नयेत.

वजन एक-दीड किलोनं वाढेल. घाबरून शनिवारी रात्री जेवण कापू नका. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी साठतं, ते हे वजन. धावताना तेच पाणी उपयोगी पडतं.

सणांचं भान ठेवा. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत त्याच आठवड्यात किंवा अगदी तोंडावर. भोगीची भाजी भोगीला खा. पावटे, हरभरे, वांगी आणि तिळाची बाजरीची भाकरी शुक्रवार-शनिवारी ताटात नको. तिळगूळ एखाद-दुसरा चालेल. गुळपोळी तुपाच्या धारेशिवाय खाणार असाल तर ती खरं तर छान पिष्ट आहे. ऑगस्टमधल्या शर्यतीला बहुधा श्रावण असतो आणि घरोघरी श्रावणी शनिवार पाळला जातो. रविवारी २१ किलोमीटर धावायचे असतील तर त्या एका शनिवारचा उपास सोडा. सोडवत नसेल तर दिवसभर उपाशी राहून एकदाच जेवण्यापेक्षा साबुदाणा, बटाटा, केळी दर तीन तासांनी खा, आणि खिचडीतलं दाण्याचं कूट निम्म्याहून कमी करा. मामलेदारची मिसळ शर्यत झाल्यावर खा.

शनिवार रात्र

साडेसातच्या आत, रोजच्याएवढंच, घरचं. बाहेर जेवायला जाऊ नका.

पाणी

शुक्रवारपासून लिटरच्या लिटर पाणी रिचवण्याचा सल्ला धोकादायक आहे. जास्तीचं पाणी शरीर साठवत नाही, लघवीवाटे टाकतं, आणि सोबत मीठही जातं. शर्यतीतही जास्तीचं पाणी धोक्याचंच. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली होतं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं त्यांना हा धोका सगळ्यांत जास्त होता. म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले. यातून माणूस बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो.

लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. पाण्यासारखी रंगहीन व्हायला लागली की थांबा. खाडीकाठची हवा दमट, घाम वाळत नाही, नुसता गळतो. त्यामुळे आपल्याकडे मीठ जास्त जातं. शनिवारी जेवणात मीठ नेहमीसारखं ठेवा आणि सरबतात चिमूटभर जास्त घाला. रक्तदाबासाठी ज्यांचं मीठ बांधलेलं आहे ते अपवाद. नारळपाण्यावर लोकांचा फार विश्वास. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण घामातून मुख्यतः जातं ते सोडियम. दुपारी एक शहाळं प्या, हरकत नाही. शर्यतीच्या सकाळी नको, अनेकांना त्यानं पोट ढिलं होतं. ओआरएस घेणार असाल तर एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच विरघळवा. छोट्या बाटलीत अख्खी पुडी ओतली तर मळमळ ठरलेली.

रविवार, पहाटे तीन

सगळ्यांत अवघड टप्पा हाच, आणि मला तो सगळ्यांत उशिरा जमला. अडचण अशी: रात्रभरात स्नायूंचा साठा तसाच राहतो, पण यकृताचा साठा उतरतो, कारण झोपेतही मेंदूला साखर पुरवावी लागते. उपाशीपोटी धावलात तर रक्तातली साखर लवकर डळमळते. दुसरीकडे, पोटात न पचलेलं अन्न घेऊन धावलात तर रक्त पायांकडे वळतं, पचन मंदावतं आणि आठव्या किलोमीटरला पोटात कळ येते. पुस्तकात लिहिलेलं असतं की तीन-चार तास आधी खा. टाटा मॅरेथॉन पाचच्या सुमाराला सुटते. म्हणजे रात्री एक वाजता उठून पोहे खायचे का? झोपेचा बळी देऊन हे करणारे मी पाहिले आहेत, आणि ते सुटायच्या आधीच थकलेले असतात.

नियम असा लक्षात ठेवा: जितके तास आधी, तितके ग्रॅम, वजनाच्या प्रत्येक किलोमागे. ही वरची मर्यादा. दोन तास आधी दोन ग्रॅम शास्त्राला मान्य आहेत, पण पहाटे तीनला, शर्यतीच्या धाकधुकीत, माझं ठाम मत आहे की एक ते दीड ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. साठ किलोला ६० ते ९० ग्रॅम. जॅम लावलेल्या चार स्लाइस, झाले पंचाहत्तर. किंवा तीन इडल्या साखर किंवा मध लावून आणि दोन वेलची केळी, झाले साठ-सत्तर. सांबार नाही, खोबऱ्याची चटणी नाही. किंवा दीड वाटी मऊ भात, मीठ आणि अर्धा चमचा मेतकूट. तूप त्या दिवशी नको. ओट्स, मूसली, पीनट बटर, उकडलेली अंडी, प्रोटीन पावडर यांतलं काहीही नको. प्रथिनं आणि चरबी पोटात रेंगाळतात आणि त्या सकाळी त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

तीनला घास उतरत नाही, ही सगळ्यांची तक्रार. त्यावर उपाय एकच, सराव. शर्यतीआधीच्या दोन-अडीच महिन्यांतल्या प्रत्येक लांब रविवारी, उपवन-येऊरला जा की पाम बीच रोडला, त्याच वेळेला, तेच खाऊन निघा. सुरुवातीला एक स्लाइस आणि अर्धं केळं. पुढच्या वेळी दोन. आतड्यालाही सवय लागते, आणि ती लागायला आठवडे जावे लागतात. ज्या पदार्थानं येऊरच्या चढावर ढेकर दिले तो यादीतून काढा, कुणी कितीही शिफारस करो. अजिबात चावता येत नसेल तर द्रव घ्या: पातळ तांदळाची पेज गूळ घालून, किंवा साखर-मीठ घातलेलं सरबत. पोटात गेलेलं पिष्ट महत्त्वाचं, त्याचं रूप नव्हे.

एक इशारा कळकळीनं देते. पहाटे वेळ नाही म्हणून रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि तोच खायचा, हे करू नका. शिजलेल्या भातात, आपल्या दमट हवेत, काही तासांत असे जिवाणू वाढतात ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात ताजा लावा, कुकरला वीस मिनिटं लागतात. किंवा तो लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवा. इडलीचं पीठही ऑगस्टात आणि ऑक्टोबरात झपाट्यानं आंबतं. जास्त आंबलेल्या पिठाच्या इडल्या शर्यतीला वापरू नका. पाव सगळ्यांत निर्धोक, म्हणून मी हल्ली पावावरच आहे.

खाण्याबरोबर पाणी: वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे साठ किलोला ३०० ते ६०० मिलिलिटर. तेही घोट घोट, साडेतीनच्या आत. त्यानंतर फक्त तोंड ओलं करा.

चहा रोज पिणाऱ्यांनी प्यावाच. चहा सोडला तर धावताना डोकं दुखू शकतं. अर्धा कप, दूध कमी, आणि उठल्या उठल्या. दूध आणि कॅफीन दोन्ही पोट हलवतात, आणि ते घरी हललेलं बरं. उठणं, पाणी, चहा, शौच, मग खाणं, हा क्रम सरावातही मोडू नका. शर्यतीच्या मैदानावरची शौचालयं आणि त्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. कॉफी न पिणाऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा कडक कॉफी पिऊ नये. ‘आतून दुखू नये म्हणून’ आधीच वेदनाशामक गोळी घेणं तर पूर्ण बंद. घामानं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

मॅरेथॉनच्या पहाटे मध्य रेल्वे कल्याण आणि पनवेलहून जादा लोकल सोडत आली आहे. वेळ त्या आठवड्यात पाहून घ्या, कारण खाण्याची वेळ त्या गाडीवर ठरते. गाडी लवकर असेल तर घरी निम्मं खा आणि उरलेलं डब्यात घेऊन गाडीत खा. डबा घरचाच. स्टेशनवरचा वडापाव किंवा कुणी प्रेमानं पुढे केलेला लाडू, दोन्ही परत येताना.

पोहोचल्यावर सुटायला तास-पाऊण तास असतो, आणि हाताला चाळा म्हणून लोक गोड खात राहतात. या वेळेत नको. काहींच्या बाबतीत गोड खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं इन्सुलिन वाढून साखर खाली येते, आणि नेमकी तेव्हाच शर्यत सुटते. थांबा. सुटायला दहा मिनिटं उरली की एक जेल (धावपटूंसाठीचं पाकिटातलं घट्ट, गोड पिष्ट), किंवा अर्धं केळं, किंवा ग्लुकोजचे दोन चमचे पाण्यात. धावायला लागल्यावर इन्सुलिनला शरीर आवर घालतं, त्यामुळे ही साखर सरळ कामी येते. जेल घेतलं तर वर तीन-चार घोट पाणी प्याच. पुढचं खाणं तिथून तीस-चाळीस मिनिटांनी, भूक लागायची वाट न पाहता.