'निर्वाण'ची फोड करताना या चुका टाळा

'वाण म्हणजे बाण; दुःखाचा बाण निघाला की निर्वाण!' व्याख्यानात अशी फोड केली की टाळ्या मिळतात. व्याकरणाचा मात्र तिला काडीचाही आधार नाही.

मूळ धातू 'वा', म्हणजे वाहणे. वायू आणि वात त्याच घरातले. मागे 'निर्' लागला की अर्थ होतो विझणे. त्याला 'त' प्रत्यय लावला तर रूप 'निर्वात' व्हायला हवं, आणि इथेच गाडी अडते. मग लोक 'वाण' नावाचं वेगळं नाम शोधत बसतात. त्याची गरज नाही, कारण पाणिनीने याच रूपासाठी स्वतंत्र सूत्र केलंय: 'निर्वाणोऽवाते' (८.२.५०). वाऱ्याबद्दल बोलत नसाल, तर 'त'चा 'न' होतो. मागच्या 'र्'मुळे त्याचा 'ण'. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका म्हणजे काशिकावृत्ती; तिच्यातली उदाहरणं बघण्यासारखी आहेत: निर्वाणोऽग्निः, निर्वाणः प्रदीपः, निर्वाणो भिक्षुः. आग, दिवा आणि भिक्षू एकाच रांगेत! वारा पडला तर मात्र 'निर्वातो वातः'.

बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत याचंच 'निब्बान' झालं. तिथे 'र्' उरला नाही, म्हणून 'न' शाबूत. दोन्हींची खिचडी करून 'निर्वान' लिहू नका.

दुसरी चूक जाणकारही करतात. पाली ग्रंथांचा टीकाकार बुद्धघोष याने आपल्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात 'वान' म्हणजे तृष्णा, तिच्यातून बाहेर पडणं ते निब्बान, असं सांगितलंय. धम्मपदात (गाथा २८३) 'वन' म्हणजे जंगल आणि तृष्णाही, असा श्लेष करून भिक्षूंना 'निब्बना होथ', म्हणजे 'वन'रहित व्हा, असं म्हटलंय. दोन्ही सुंदर, पण ही शिकवण्यासाठी केलेली निरुक्ती, म्हणजे शब्दाची फोड, आहे. शब्द कसा घडला आणि तो कसा समजावून सांगितला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

सगळ्यात महागात पडते ती घाई: विझणे, म्हणजे संपून जाणे, म्हणजे शून्य. मज्झिमनिकाय या पाली सुत्तसंग्रहात, मुक्त झालेला भिक्षू पुढे कुठे जन्मतो असं बुद्धांना विचारणारा वच्छगोत्त नावाचा परिव्राजक नेमका याच खोड्यात अडकतो. बुद्ध त्याला विचारतात, सरपण संपून विझलेली आग कुठल्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? हा प्रश्नच लागू पडत नाही, असं वच्छगोत्तालाच कबूल करावं लागतं. तेव्हा धातूच्या अर्थातून अख्खा सिद्धान्त ओढून काढू नका.

आणि हा शब्द फक्त बौद्धांचा, असंही ठोकून देऊ नका. गीतेत 'ब्रह्मनिर्वाण' आहे (२.७२), जैन परंपरेत महावीरांचं निर्वाण आहे.