चंद्रावरचं क्लॅव्हियस विवर पाहायचंय? पौर्णिमा टाळा

माझ्याकडे साडेचार इंची आरशाची दुर्बीण आहे. गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी मांडते. पाहुण्यांना हटकून पौर्णिमेलाच चंद्र बघायचा असतो! त्या दिवशी ऊन आपल्या पाठीकडून चंद्रावर पडतं, सावल्या दिसत नाहीत, खड्डा गायब.

शुद्ध नवमी-दशमी गाठा. आधी कमी शक्तीच्या भिंगातून उजेड-अंधाराच्या सीमेवरून चंद्राच्या दक्षिण टोकाकडे सरका. माझ्यासारख्या आरशाच्या (न्यूटनी) दुर्बिणीत चित्र उलटं, म्हणजे दक्षिण वर. माझा पहिला महिना उत्तर ध्रुवाशीच गेला. ठसठशीत टायको विवर सापडलं की त्याच्या दक्षिणेला जे अवाढव्य, झिजक्या काठांचं विवर दिसतं, तेच क्लॅव्हियस. सुमारे 230 किलोमीटर रुंद, वय अंदाजे 4 अब्ज वर्षं.

आता शंभरपट वर्धनाच्या वर जा, आणि घाई करू नका. दक्षिणेकडच्या काठाला खेटून रदरफर्ड हे विवर आहे. तिथून तळावर विवरांची कमान वळत जाते: डी, सी, एन, जे. प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, उतरत्या भाजणीतल्या डब्यांसारखं. हवा स्थिर असेल तर माझ्या दुर्बिणीतून जे पर्यंत पोचता येतं.

नवमीला सूर्य तिथे नुकताच उगवत असतो. तळ काळा आणि आतल्या विवरांचे काठ तेवढे उजळलेले. तासाभराने परत बघा, उजेड सरकलेला कळतो.

सोफिया या विमानातल्या दुर्बिणीने इथल्याच उन्हातल्या मातीत पाण्याचे रेणू टिपल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं. आपल्याला ते दिसणार नाहीत, पण पाहुण्यांना सांगायला बरं.