सोलरचा कनेक्टर चालू लोडवर ओढू नका
घरातला मेन स्विच पाडला म्हणजे छतावरची वायर मेली, असं समजू नका. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंतच; ओळीने जोडलेल्या 10 पॅनेलचं डीसी व्होल्टेज सहज 400 च्या घरात जातं. चालू लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, एमसी4 कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा प्लग) ओढला तर आर्क (हवेतून उडणारी विजेची ज्योत) पेटतो आणि लवकर विझत नाही, कारण डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट घरातल्या एसी (दिशा बदलणाऱ्या) करंटसारखा सेकंदाला कित्येकदा शून्यावर येत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी लाइन तोडणारा स्विच), आणि डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) करंट शून्य दिसल्यावरच हात, तोही इन्सुलेटेड हातमोजे घालून. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो इथे फसवतो. आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत ‘टक्’ करून बसले तरी जोडू नका. आतला कॉन्टॅक्ट सैल राहून तापू शकतो.