मेनफ्रेमवर व्हर्च्युअल मशीन आणि तिची डिस्क क्लोन कशी करावी

अंधेरीच्या ऑफिसात एका शनिवारी रात्री मी झेड/व्हीएम या आयबीएमच्या प्रणालीवर पहिला लिनक्स क्लोन केला, म्हणजे चालत्या मशीनची हुबेहूब नक्कल काढली. कॉपी पाच मिनिटांत झाली. नवी मशीन सुरू केली आणि टेस्टिंगवाल्यांचे फोन सुरू झाले: लॉगिन कधी जुन्या मशीनवर होतं, कधी नव्या. नव्या मशीनला जुनीचाच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता) होता. तो गुंता सोडवून निघाले तेव्हा पहाटेच्या लोकल सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून मी क्रम पक्का ठरवला आहे: डिस्क आधी, ओळख नंतर, नेटवर्कची तार सगळ्यात शेवटी.

आधी थोडी ओळख. झेड/व्हीएम एकाच मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या भल्यामोठ्या संगणकावर, शेकडो व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) चालवतं. त्याचा पूर्वज व्हीएम/३७० हा १९७२ सालचा. इथल्या मशीनला गेस्ट म्हणतात आणि तिला मोठ्या डिस्कचा एक तुकडा मिळतो, तो मिनिडिस्क. कोणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, हे युजर डायरेक्टरीत लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखंच. आणि सातबाऱ्यावर हद्दी चुकल्या की जे होतं, तेच इथेही होतं.

मूळ मशीन तयार करा

ज्या गेस्टची नक्कल काढायची तिला आम्ही ‘गोल्ड’ म्हणतो. तिच्यात लिनक्स बसवा, पॅचेस लावा, मग एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, पुसा आणि मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. ती फाइल डिलीट करू नका, फक्त रिकामी करा. पुढच्या बूटला नवा आयडी आपोआप तयार होतो.

इथेच एक गोष्ट नक्की बघा. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) आणि बूटच्या सेटिंगमध्ये डिस्कचं नाव ‘बाय-आयडी’ पद्धतीने लिहिलं असेल तर क्लोन बूटच होणार नाही, कारण त्या नावात मूळ डिस्कची खूण असते. ‘बाय-पाथ’ वापरा. त्यात फक्त ०२०० सारखा व्हर्च्युअल पत्ता असतो, आणि तो दोन्ही गेस्टमध्ये सारखाच ठेवता येतो. बूटच्या सेटिंगला हात लावला असेल तर झिपल (बूटची माहिती डिस्कवर लिहिणारं साधन) पुन्हा चालवा.

शेवटी गोल्ड व्यवस्थित शटडाउन करून लॉगऑफ करा. चालू मशीनच्या डिस्कची कॉपी म्हणजे अर्धवट लिहिलेल्या वहीची झेरॉक्स.

डायरेक्टरीत नवी नोंद

गोल्डची नोंद कॉपी करून नाव, पासवर्ड आणि मिनिडिस्कची जागा बदला. डिस्कचा प्रकार तोच, सिलिंडर (डिस्कची जागा मोजण्याचं एकक) तितकेच. ३३९० या आयबीएमच्या डिस्क-प्रकारातल्या मॉडेल ९ च्या पूर्ण डिस्कवर १०,०१७ सिलिंडर असतात. शून्य क्रमांकाच्या सिलिंडरवर लेबल असतं, ते सोडा. म्हणजे मिनिडिस्क १ पासून सुरू आणि लांबी १०,०१६. लिनक्ससाठी ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये फॉरमॅट केल्यावर यात साधारण ७.४ जीबी जागा मिळते.

डायरेक्टरी लागू करण्याआधी डिस्कमॅप (कोणाची मिनिडिस्क कुठे आहे याचा अहवाल काढणारी आज्ञा) चालवा. त्याच्या अहवालात ‘ओव्हरलॅप’ शब्द दिसला तर तिथेच थांबा. दोन गेस्ट एकाच जागेवर लिहायला लागले की आधी काहीच कळत नाही. कळतं तेव्हा दोघांचाही डेटा गेलेला असतो.

कॉपी

कॉपी करणाऱ्या युजरकडून दोन्ही डिस्क लिंक करा, म्हणजे आपल्याकडे जोडून घ्या: गोल्डची ०२०० आपल्याकडे १२०० म्हणून, नवीची ०२०० आपल्याकडे २२०० म्हणून. बरेच जण सवयीने स्रोताला ‘आरआर’ आणि नव्या डिस्कला ‘एमडब्ल्यू’ मोड देतात. माझा याला ठाम विरोध आहे. ‘आरआर’ मोड गोल्ड चालू असली तरी लिंक देतो, आणि ‘एमडब्ल्यू’ तर कोणी लिहीत असलं तरी लिहू देतो. स्रोताला ‘आर’ आणि नव्या डिस्कला ‘डब्ल्यू’ द्या. कोणाकडे डिस्क लिहिण्यासाठी उघडी असेल तर ‘आर’ नाकारला जातो, आणि कोणाचीही लिंक असेल तर ‘डब्ल्यू’ नाकारला जातो. तुमची चूक सिस्टिमच पकडते.

दोन्ही डिस्क एकाच स्टोरेजमध्ये असतील आणि तिथे सोय असेल, तर फ्लॅशकॉपी वापरा: स्रोत १२००, शून्यापासून शेवटपर्यंत, २२०० वर. नवी डिस्क लगेच वापरता येते, खरी कॉपी स्टोरेज मागे करत राहतं. नाहीतर डीडीआर, म्हणजे झेड/व्हीएमचं डिस्क कॉपी करायचं साधन. त्यात इनपुट १२००, आउटपुट २२०० द्या आणि ‘कॉपी ऑल’ म्हणा. डीडीआर डिस्कवर वाचलेलं लेबल दाखवून विचारतो, पुढे जायचं का? इथे घाईने ‘येस’ टाइप करू नका. हातातल्या कागदावरच्या क्रमांकांशी पडताळा. लिंक करतानाच दोन डिस्क उलट्या जोडल्या गेल्या असतील तर गोल्ड पुसली जाईल. डिरमेंट (डायरेक्टरी सांभाळणारं साधन) असलेल्या ठिकाणी त्याची क्लोनडिस्क आज्ञा हे सगळं करून घेते.

कॉपी झाली की १२०० आणि २२०० दोन्ही डिटॅच करा. ही पायरी सर्रास विसरली जाते, आणि मग नव्या गेस्टला स्वतःचीच डिस्क लिहायला मिळत नाही.

ओळख, मग तार

नव्या गेस्टला व्हर्च्युअल स्विचची (गेस्टना नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर स्विचची) परवानगी अजून देऊ नका. ३२७० (मेनफ्रेमच्या) टर्मिनलवरून तिच्या युजरने लॉगऑन करा आणि ०२०० वरून आयपीएल, म्हणजे बूट, करा. या कन्सोलवर व्हीआय एडिटर चालत नाही. तिथे एकेक ओळच जाते, कर्सर हलवून फाइल दुरुस्त करता येत नाही. म्हणून आज्ञांनीच बदल करा: होस्टनेम ‘होस्टनेमसीटीएल’ने, आयपी पत्ता ‘एनएमसीएलआय’ने किंवा तुमच्या डिस्ट्रोच्या साधनाने. होस्ट की नव्या तयार झाल्या का तेही बघा.

आता ‘सेट व्हीस्विच’ने ग्रँट (परवानगी) द्या आणि नेटवर्क कार्ड स्विचला ‘कपल’ करा, म्हणजे जोडा.

गोल्डही चालू करा आणि दोन्ही मशीनना एकाच वेळी पिंग करा. दोन्हींच्या होस्ट कीचे फिंगरप्रिंट (कीची छोटी खूण) वेगळे आहेत ना, ते वाचून बघा. मग गोल्ड पुन्हा बंद करा, तिच्या की पुसून आणि मशीन-आयडी रिकामी करून, कारण या बूटमध्ये दोन्ही परत तयार झालेल्या असतात. नव्या मिनिडिस्कचं नाव त्याच रात्री बॅकअपच्या यादीत घाला.