डायफ्रॅम पंप खोलण्याआधी दाब उतरवा
हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप (यात डायफ्रॅम म्हणजे लवचीक पडदा द्रव ढकलतो) थांबला म्हणजे आतला दाब गेला असं नाही. डिलिव्हरी व्हॉल्व्ह (द्रव बाहेर जाण्याच्या लाइनवरचा) बंद केला की पंप जागीच थबकतो, पण हवा आणि रसायन दोन्ही दाबाखालीच असतात. म्हणून आधी हवेचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधली उरलेली हवा सोडा, मग डिलिव्हरीचा ड्रेन सावकाश उघडून गेज शून्यावर आल्याची खात्री करा. त्यानंतरच पान्याला हात लावा, आणि तोही चष्मा-हातमोजे घालूनच.

एक्झॉस्टच्या, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते तिथल्या सायलेन्सरवर रोज नजर हवी. तिथून द्रव ठिबकला किंवा डिलिव्हरीत बुडबुडे दिसले, तर बहुधा डायफ्रॅम फाटलाय. पंप लगेच बंद करा. सायलेन्सरवर बर्फ धरत असेल तर हवेत ओलावा आहे: फिल्टरमधलं पाणी काढा, दाब कमी करा. हवेचा दाब तसाही कामापुरताच ठेवावा. कमाल आकडा नेमप्लेटवर असतो.

पंप भराभर टकटकतोय पण द्रव येत नाही? सक्शन लाइन (द्रव आत ओढणारी) हवा ओढतेय किंवा पंपातल्या झडपेचा बॉल सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, नीट बसत नाही. त्याला कचऱ्याचा एक कण पुरतो. असा कोरडा पळवला तर डायफ्रॅम लवकर जातो.

द्रव ज्वलनशील असेल तर अर्थिंगची वायर जोडल्याशिवाय पंप सुरूच करू नका.